वरची मर्यादा

नेउकेनहून रात्रीच्या विमानानं नळी आली.
डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर तिरपं अक्षर:
लाउतारो अँतिलेफ, वय चौतीस, वेल्डर, गॅसची पाइपलाइन.
सोबत कंपनीचं पत्र.
छातीवरचा बिल्ला शून्य दाखवतो, असं पत्र म्हणतं.
बिल्ला दिवसभर ट्रकमध्येच होता
हे पत्रात नाही.

अठ्ठेचाळीस तास पेशी उबेत ठेवल्या.
मग औषधाचे थेंब,
आणि विभागणीच्या ऐन क्षणी
कुणी स्टॅच्यू म्हणावं
तशा त्या थांबल्या.

गुणसूत्राला कंबर एकच असते.
दोन कंबरांचं दिसलं की मी कळ दाबते.
किरण आरपार गेला, धागे तुटले,
पेशीनं चाचपडत टोकाला टोक जोडलं,
घाईत बटण शेजारच्या काजात जावं तसं.
तिचा दोष नाही.
तिनं दुरुस्तीच केली होती.

पाचशे पेशी. मिर्ता सुबियाउरे आणि मी,
निम्म्या तिच्या, निम्म्या माझ्या,
एकमेकींचा आकडा न विचारता.
मातेचं पाणी दोनदा गार झालं.
बेरीज त्र्याऐंशी.

मग प्रोग्रॅम उघडते.
राखाडी चौकट, वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली,
बंद करताना अजूनही दोनदा विचारते, नक्की ना?
तिच्या पोटात आमच्याच प्रयोगशाळेची वक्ररेषा:
काही निरोगी माणसांचं रक्त
कोबाल्टखाली मोजूनमापून धरलेलं.
त्यातली एक नळी माझी.
म्हणजे हजार किलोमीटरवरच्या या माणसाला
मी माझ्याच रक्ताची फुटपट्टी लावते.

दीड ग्रे, प्रोग्रॅम म्हणतो.
आणि खाली, तांबड्या अक्षरांत:
विखुरणी जुळत नाही.

पुन्हा बघते.
तीळ सारखे भुरभुरले असते
तर वडीवर एखाददुसरा, फार तर.
इथं चारशेच्या वर वड्या कोऱ्या
आणि एकीवर चार.

म्हणजे अंगभर नाही.
एकाच बाजूला, आणि फार जवळून.
पाचातल्या एका पेशीनं बाकीच्यांचंही झेललं होतं,
साडेतीन ग्रे.

मिर्ता फोन लावते.
कंपनीचं नाव काढत नाही, बिल्ल्याचंही नाही.
विचारते, 'कुठल्या खिशात?'
फोनमध्ये पठारावरचा वारा, बराच वेळ.
'उजव्या.'
वाळूत सापडला होता, करंगळीएवढा,
साखळीचा चकचकीत तुकडा.
मुलीच्या दप्तराला अडकवायचा होता.
तासाभरानं फाटकावरचं यंत्र ओरडलं, म्हणून.

मांडीवर तोवर काहीच नव्हतं.
लाली उमटायला चार दिवस होते.
ते चार दिवस आम्ही इस्पितळाला दिले,
एवढंच म्हणता येईल.

गुरुवारी दुसरी नळी, बुटकी, हिरव्या टोपणाची.
आइलेन अँतिलेफ, वय सात.
तुकडा घरी पोचलाच नव्हता, सगळे सांगतात,
पण आईला ते लिहून हवंय.

हजार पेशी. एक.

एक तर मिर्तातही निघेल, माझ्यातही,
डोंगरातल्या दगडानं, आभाळानं,
नुसत्या जगण्यानं झालेला.

प्रोग्रॅम लिहितो: शून्य.
आणि त्याच ओळीत, कधीच न विसरता,
वरची मर्यादा: शून्य पूर्णांक दोन.
त्याला 'काही नाही' म्हणता येत नाही.
कुणी शिकवलंच नाही, आणि बरंच केलं.

पण फोन मला करायचाय.

रोसाउरा उचलते.
मागे कोंबड्या, कुकरसारखं काहीतरी,
आणि एक मूल मोठ्यानं, अडखळत वाचतंय.
'शून्य,' मी म्हणते.
तिनं सोडलेला श्वास ऐकू येतो.

ओळ अजून संपलेली नसते.